बेलभंडाऱ्याचा एकच टेक

बसा, चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. तुम्ही कधीपासून विचारताय, ‘फौजी, पिच्चरमधी काम केलं म्हंजी नेमकं काय केलं?’ काय केलं ते ऐकाच. हसू आलं तर खुशाल हसा. मीही पहिले काही महिने हसतच सांगायचो. हल्ली मध्येच कुठंतरी आवाज बसतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझं नाव दत्तू, पण ते फक्त रेशनकार्डावर आणि आक्काच्या तोंडी. बाकी गावाला मी फौजी. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली निम्मी स्टोअरमध्ये बूट आणि ब्लँकेटं रचण्यात. तिथून येताना पेन्शन आणली आणि एक खोड आणली. कुठलीही गोष्ट वेडीवाकडी चाललेली मला बघवत नाही. लग्नात मांडवाचा खांब कलता दिसला तर मी अक्षता थांबवीन. तेराव्याच्या जेवणात पंगत वाकडी बसली म्हणून रडणाऱ्या माणसांना उठवून मी सरळ ओळीत बसवलंय. लोक तोंडावर ‘शिस्तीचा माणूस’ म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाही.

उंब्रजला हायवे सोडून आत आलं की आमचं गाव, आणि ओढ्यापलीकडं आमची वाडी. एका थंडीत तिथं सिनेमावाले उतरले. निवडणुकीच्या प्रचाराची टर उडवणारा विनोदी सिनेमा होता. त्यात तीन-चार उमेदवार, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक म्हाताऱ्यांचे पाय चेपत फिरतो, एक म्हशीला ओवाळतो. आणि एक जण अख्ख्या वाडीला देवाची शपथ घालून मतं पक्की करतो, आणि निकालाला त्याला एकही मत पडत नाही. हे लिहिणाऱ्याला आमची वाडी माहीत नव्हती, एवढंच आज म्हणतो.

दिग्दर्शक मूळचा सांगलीचा, तिशीतला, अंगानं किडकिडीत, बोलायला गोड. पहिल्या दिवशी मी नुसता बघायला गेलो. बघितलं तर उमेदवार गळ्यात हार घालून दिवसभर हिंडतोय. मला राहवलं नाही. पुढं होऊन म्हणालो, “साहेब, हार घातला की उमेदवार तो लगेच काढून शेजारच्याच्या हातात देतो. गळ्यात ठेवला तर पुढचा माणूस कुठं घालणार?”

दिग्दर्शकानं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू खजिनाच दाखवला. लगेच खुर्ची आली, चहा आला. दुसऱ्या दिवशी तर ‘फौजी काका कुठंत?’ म्हणून मला बोलवायला घरी माणूस. मग काय विचारता? झेंड्याची काठी किती उंच, रिक्षावरचा कर्णा कुठल्या तोंडाला, पत्रकं वाटणारा घरात शिरताना चपला कुठं काढतो, सगळं मीच सांगायचो. माझी बायको तेव्हा पुण्याला मुलाकडं होती, नातू सांभाळायला. घरात टोकणारं कुणी नव्हतं, आणि बाहेर ऐकणारी शंभर माणसं. असा योग माणसाच्या नशिबात फार येत नाही.

तिसऱ्या दिवशी शपथ घालणाऱ्या उमेदवाराचं काम करणारा नट यायचा होता. तो आलाच नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. मग हळूच माझ्याकडं बघून म्हणाला, “काका, तुम्हीच करता का?”

मी दोनदा नाही म्हणालो. पण दुसरं ‘नाही’ म्हणताना मी टोपी काढून केस नीट करत होतो, हे आजूबाजूच्या सगळ्यांनी बघितलं. गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी सहा वेळा इन्स्पेक्टर झालोय. कपडे तर अंगावर तयारच होते, पांढरे.

सीन वाडीतल्या खंडोबाच्या देवळापुढं होता. वाडीची म्हातारी माणसं ओळीनं यायची, बेलभंडारा उचलायची आणि मत देण्याची शपथ घ्यायची. बेलाची पानं आणि भंडाऱ्याची हळद हातात घेऊन खंडोबाच्या नावानं दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा इथं येऊन गप्प होतो.

आता सिनेमावाल्यांनी काय आणलेलं असावं? ताटात पिवळा रंग आणि शेजारच्या बांधावरची करंजाची पानं. माझं डोकं फिरलं.

“हे काय आहे?”

“काका, कॅमेऱ्यात बेलासारखंच दिसतं,” दिग्दर्शक म्हणाला.

“कॅमेऱ्यात दिसतं, पण आमच्या लोकांना बेलासारखं दिसत नाही ना. अख्खा जिल्हा हसेल आम्हाला. थांबा जरा.”

आणि मी गेलो गुरवाकडं. देवळातला खरा भंडारा आणला. खरा बेल आणला. गुरवालासुद्धा आंघोळ करायला लावून, सोवळं नेसायला लावून आणलं आणि ओळीच्या तोंडाशी उभं केलं. दिग्दर्शक म्हणत होता, “काका, एवढं नको, कॉमेडी सीन आहे.” मी म्हणालो, “कॉमेडी असली म्हणून काय झालं? करायचं तर पद्धतीनं करायचं.”

ओळीत पहिला दौलू तात्या. वय ऐंशीच्या पुढं, वाडीचा सगळ्यात जाणता माणूस. गुरवानं त्याच्या हातावर बेल ठेवला, भंडारा ठेवला. कागदावरची ओळ होती, ‘खंडोबाच्या साक्षीनं माझं मत भाऊसाहेबालाच.’ तात्यानं हात मागं घेतला.

“ह्यो भाऊसाहेब कोण?”

“तात्या, मीच त्यो. पिच्चरमधलं नाव हाय.”

“मला भाऊसाहेब ठाव न्हाई. ठाव नसलेल्या माणसाला मी कसा शब्द देऊ?”

अर्धा तास गेला. ऊन चढलं. शेवटी मीच तोडगा काढला, आणि आजही त्या तोडग्याची आठवण झाली की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. मी म्हणालो, “मग माझं नाव घ्या की. दत्तू फौजी.” दिग्दर्शक म्हणाला, नावाचं आम्ही नंतर आवाज भरताना बघू. तात्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं बेलभंडारा कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “खंडोबाच्या साक्षीनं, माजं मत दत्तू फौजीला.” मागून एकेक जण आला. मी हात जोडून, मान वाकडी करून, तोंडभर हसत होतो आणि ओरडत होतो, “कोण राह्यलंय का अजून? कुणी राहू नका गड्यांनो.” ही ओळ कागदात नव्हती. ती माझी स्वतःची.

सीन संपला. दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता. म्हणाला, “एकदम खरं. फक्त अजून एक टेक घेऊ, दुसऱ्या बाजूनं.”

तात्या तोवर देवळाच्या पायरीवर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “शपथ एकदा उचलली की झालं. पुन्यांदा उचलायची म्हंजी पहिल्या शब्दावर इस्वास न्हाई का?”

कुणीच उठेना. तो सीन सिनेमात एकाच टेकमध्ये आहे. सिनेमावाल्यांनी निघताना, तोवर थांबलेल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे घेतले. यादी माझ्याच हातानं झाली, सव्वीस नावं. एक प्रत मी शिस्तीप्रमाणं फायलीला लावून ठेवली.

दोन-अडीच महिन्यांनी ग्रामपंचायतीची खरी निवडणूक लागली. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, आणि जागा बायकांसाठी राखीव. माझी आक्का उभी राहिली.

आक्काबद्दल सांगायला पाहिजे. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच मला कडेवर वागवलं. लग्न होऊन ती त्याच वाडीत, ओढ्याच्या अंगाला गेली. बायको पुण्याला गेल्यापासून माझा दुपारचा डबा तिच्याकडूनच यायचा. शाळा तिनं दुसरीपर्यंत बघितली, सही मात्र ठसठशीत करते. तिला सरपंचकीची हौस नव्हती. तिला एकच काम करायचं होतं. वाडीच्या स्मशानात शेड बांधायचं होतं.

आमचे दाजी ऐन आषाढात गेले. वाडीच्या स्मशानाला छप्पर नाही. चिता रचली आणि वरून धार लागली. चार माणसांनी चार कोपऱ्यांना उभं राहून गोठ्याचे पत्रे डोक्यावर धरले. दोनदा विझली. तिसऱ्यांदा टायर टाकून पेटवली. बायका स्मशानात जात नाहीत, पण आक्काच्या घराच्या मागल्या दारातून ते सगळं दिसत होतं. त्या दिवसापासून ती ग्रामपंचायतीत खेटे घालत होती. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, ‘म्हातारे, मेलेल्या माणसाचं मत न्हाई, त्येच्यासाठी खर्च कोण करंल?’ म्हणून ती स्वतःच उभी राहिली.

प्रचाराचं सगळं माझ्याकडं. पत्रकं, रिक्षा, कर्णा, यादी. वाडीची मतं तर खिशातच होती, कारण शेडची गरज वाडीलाच. दौलू तात्या अर्ज भरायच्या दिवशीच म्हणाला होता, “बाय, शेड लवकर बांद. आमाला लवकरच लागणार हाय त्ये.” सगळे हसले, आक्कासुद्धा हसली.

पण वाडीत घरोघर फिरायला लागलो तसं काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. माणसं चहा द्यायची. आक्काला बसायला पाट द्यायची. तिची चौकशी करायची. पण ‘मत तुलाच’ हे काही तोंडातून निघेना. मी विचारलं की नजर खाली. एक म्हातारी तर आक्काच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “तू लय गुनाची हायस गं, पर माजा नाइलाज हाय.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरच्या पॅनेलनं म्हातारी माणसं फोडली, दुसरं काय असणार? झालं, मी तपासाला लागलो. कुणाच्या दारात नवी घागर दिसली की माझा संशय. कुणाच्या अंगावर नवं धोतर दिसलं की माझी उलटतपासणी सुरू. एका म्हाताऱ्याच्या घरात कोंबडीचा वास आला तर मी विचारलं, “कुणी दिली?” तो म्हणाला, “माजीच हाय, आजारी पडली म्हणून कापली.” माझा विश्वास बसला नाही. मी आक्काला म्हणायचो, “आक्का, सगळी विकली गेली.” ती म्हणायची, “राहू दे रं दत्तू. कुनाला काय बाय बोलू नगंस.”

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझा तोल गेला. मी दौलू तात्याच्या अंगणात उभा राहून, चार माणसांसमोर बोललो, “तात्या, ऐंशी वर्षं चांगलं नाव कमावलंत, आन शेवटाला काय घेऊन इमान विकलंत तेवढं सांगा.”

तात्या बाजेवर बसला होता. तो उठला. त्याला उठायला वेळ लागतो, काठी लागते. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं.

“फौजी, इमान इकलं न्हाई म्हणून तर ह्यो घोर लागलाय.”

“म्हंजी?”

“तुला शब्द दिलाय न्हवं बेलभंडारा उचलून. माजं मत दत्तू फौजीला. आन तू तर हुबाच न्हाईस.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हसायला लागलो. चूक तिथंही केली. हसणारा मी एकटाच होतो.

“आवं तात्या, त्यो पिच्चर हुता.”

“भंडारा खोटा हुता का?”

“न्हाई. देवळातला हुता.”

“बेल खोटा हुता?”

“न्हाई.”

“गुरव खोटा हुता, का देव खोटा हुता?”

“न्हाई वं.”

“मग खोटं काय हुतं?”

तिथं खोटं म्हणावं असं एकच काहीतरी होतं, आणि ते पांढरे कपडे घालून हात जोडून हसत होतं. “मी खोटा हुतो, तात्या,” एवढंच म्हणालो.

“त्ये आमाला कसं कळायचं?” तात्या म्हणाला. रागानं नव्हे. त्याला खरंच विचारायचं होतं.

मग माझी पळापळ सुरू झाली. सगळ्यांना देवळापुढं जमवलं. गुरवाला म्हणालो, शपथ तू घातलीस, तूच सोडव. गुरव म्हणाला, माझ्या हातात काय आहे, देवाला कौल लावू. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल लावलं. उजवं पडलं तर शपथ मोकळी, डावं पडलं तर बांधलेली. दहा वाजता लावलेला कौल. अकरा वाजले. बारा वाजले. माणसं टक लावून बसलेली. मी तर मनातल्या मनात उजव्या फुलाला फुंकर मारत होतो. एक वाजला तरी एक पाकळी हलली नाही. गुरव म्हणाला, “देव काय बोलंना.” आचारसंहिता लागली की अधिकारी कसे सही करत नाहीत, तशातला प्रकार.

मला भूक लागली होती, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि पाच वाजता प्रचार बंद होणार होता. मी ओरडलो, “मग काय करता? दाबा जावा त्ये शेवटचं नोटाचं बटण.”

तात्यानं विचारलं, “नोटा म्हंजी?”

आणि मी, शिस्तीचा माणूस, रागाच्या भरातसुद्धा नीट समजावून सांगितलं. मशिनवर सगळ्यांत खाली असतं, दाबलं की मत होतं, पण कुणालाच जात नाही.

तात्यानं डोळे मिटून विचार केला. मग म्हणाला, “म्हंजी मतदान बी हुतंय, आन तुजा शब्द बी मोडत न्हाई. ब्येस सांगितलंस. तुलाच शब्द दिलेला, तू म्हणशील तसं.”

“तात्या, मी चिडून बोललो.”

“चिडून बोललास तरी खरं बोललास. पयल्यांदाच.”

माणसं हलक्या मनानं घरी गेली. कितीतरी दिवसांचा घोर उतरला होता त्यांचा. जाताना दोघा-तिघांनी माझे आभार मानले. मी संध्याकाळपर्यंत दारोदार फिरून पाया पडलो. सिनेमात हात जोडले होते तसं नाही, खरं. पण ते म्हणायचे, आता ठरलंय नव्हं, कशाला सारखं बदलतूस?

आक्का म्हणाली, “नगं त्यांना सतावू. दिलेला शब्द हाय.” तिनं हे असं म्हटलं की विषयच संपला. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, म्हणून त्या वेळी मला काही दिसलं नाही.

कराडला मतमोजणी झाली. वाडीचं मशीन शेवटी निघालं. आक्का एकोणीस मतांनी पडली. वाडीच्या मशिनवर नोटाला सत्तावीस मतं होती. टेबलावरचा कारकून म्हणाला, “तुमच्या वाडीत लोक लय जागरूक दिसतात.” मी मान हलवली. बाहेर समोरच्या पॅनेलचा गुलाल उडत होता, तो आमच्याही कपड्यांवर पडला. आक्कानं पदरानं माझा खांदा झाडला आणि म्हणाली, “चल, गाडी जाईल.”

ती एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती, दोन कानाखाली मारल्या असत्या, तर मी निवांत झोपलो असतो. तसाच रोज डबा यायचा. त्यात माझ्या आवडीचं वांगं असलं की मला जेवण जायचं नाही.

मी फायलीतली यादी काढली आणि घरोघर जाऊन माफी मागितली. ज्या माणसांच्या घागरीवर, धोतरावर, आजारी कोंबडीवर संशय घेतला, त्यांची. सव्वीसच्या सव्वीस घरं केली. सत्तावीस मतांतलं एक राहत होतं. मी म्हटलं, कुणाचं तरी बोट चुकलं असेल.

त्या साली भाद्रपदात दौलू तात्या गेला. पाऊस लागूनच होता. नव्या सरपंचबाईंनी तोवर गावाच्या तोंडाला कमान उभी केली होती, चांगली मोठी, रंगीत. शेड नव्हतं. चार माणसांनी पत्रे धरले, एक कोपरा माझ्याकडं होता. पाणी पत्र्यावरून माझ्या मानेत उतरत होतं. खरं सांगतो, मी रडलो. पाऊस असल्यामुळं कुणाला कळलं नाही, असं मला वाटलं. नंतर समजलं की सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा आला. मला जायचं नव्हतं. आक्काच मागं लागली. म्हणाली, “एवढी वर्सं नाटकात काम केलंस, मला कामातनं बघता आलं न्हाई. आता मोठ्या पडद्यावर तरी दाव.” कराडला दुपारचा खेळ होता. आम्ही दोघं बसनं गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

लोक हसत होते. सिनेमा चांगलाच होता, त्याला नावं कशाला ठेवू? मग माझा सीन आला. देऊळ, गुरव, दौलू तात्या. पडद्यावर तात्यानं भंडारा कपाळाला लावला आणि अख्खं थेटर फिस्सकन हसलं, कारण मागं मी मान वाकडी करून दात काढत होतो. नाव त्यांनी बदललं होतं, तात्याच्या तोंडी भाऊसाहेब ऐकू आलं. ओळ सरकत होती. मी मोजत होतो, सवय जात नाही. सव्वीस झाले. पडद्यावरचा मी ओरडलो, “कोण राह्यलंय का अजून?”

आणि सव्विसाव्याच्या मागं एक बाई आली. एका हातात डबा. डबा खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं तो काखेत धरला, उजवा हात पदराला पुसला, गुरवासमोर धरला. डोळे मिटून ओठ हलवले. डोळे उघडले तेव्हा ती कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. मी गर्दीला हात करत होतो.

“आक्का,” मी म्हणालो. “तू कशाला उचललीस?”

“तूच इचारत हुतास न्हवं, कोण राह्यलंय का. मी राह्यले हुते.”

“डबा घेऊन आलीस आन... मग मत? तुझं सोताचं मत?”

आक्का पडद्याकडंच बघत होती. “तुला दिलं की,” ती म्हणाली. “तू हुबा न्हवतास, म्हणून त्ये शेवटचं दाबलं. सगळी वाडी तुला शब्द देती आन सख्खी भन मोडती, ह्ये बरं दिसलं आसतं का रं?”

“आक्का, शेड...”

“व्हय,” ती म्हणाली. “बटण दाबताना तुज्या दाजीची लय आठवन आली.”

आजूबाजूला लोक हसत होते, कारण पुढच्या सीनला म्हैस उधळली होती. आक्काही हसली. म्हैस खरंच मजेशीर उधळली होती. मी तिचा हात धरून बसलो. शिस्तीच्या माणसाला सगळ्या याद्या बिनचूक येतात, फक्त आपलं माणूस ओळीत उभं असलेलं दिसत नाही. हे मला माझ्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तिकीट काढून समजलं.

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसली. पुढच्या सीटवरचा एक माणूस सारखा वळून बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, “पिच्चरमधी शपथ घालणारं उमेदवार तुमीच न्हवं?”

“व्हय.”

“लय भारी काम केलंय. नट वाटतच न्हाई. अगदी खरं वाटलं बगा.”

आक्का खिडकीबाहेर बघत होती.

“व्हय,” मी म्हणालो. “सत्तावीस जणांना वाटलं.”